वाचकांचे प्रश्न : मिक्सरची जाळी आणि मैद्याचा खोकला

प्रश्न : दादा, मी भुसावळला एका बेकरीत रात्रपाळीला आहे, दीड वर्ष झालं, पाव टोस्ट खारी सगळं करतो. मैदा मळायच्या मिक्सरची जाळी मालकाने काढून ठेवलीय, सारखी उघडबंद करण्यात टाइम जातो म्हणे. परवा माझा हात आत जाता जाता वाचला. मालक म्हणतो त्याले काय होते, भट्टी सांभाळ म्हणजे झालं. दुसरं म्हणजे कामावर आलो की शिंका अन खोकला सुरू, सुट्टीत गावी गेलो की बंद. मैद्याचं असं होतं का? माल निघाला की आम्ही चौघं पोटमाळ्यावर झोपतो, सकाळी मालक येऊन शटर उघडतो, तोपर्यंत दवाखान्यात जाता येत नाही, नंतर झोप लागते.

उत्तर : भाऊ, भट्टीला सगळेच घाबरतात म्हणून तिथे माणूस जपून असतो. मिक्सरला कोणी घाबरत नाही. मी पण नऊ वर्षं हेच काम केलंय, माझ्या शेजारच्या कारागिराची दोन बोटं गेली ती मिक्सर चालू असताना कडेचा मैदा खरवडताना, एवढंच. मिक्सरचा मळणारा हुक हात ओढून भांड्याच्या कडेशी दाबतो अन मशीनला काही कळत नाही की आत कणीक आहे का बोट. जाळी उचलली की मोटार थांबावी म्हणून तिथे एक स्विच असतो, जाळी नसताना मशीन चालतंय म्हणजे तो कोणीतरी तारेने बांधलाय, नाहीतर तुमच्या मशीनला तो नाहीच. मिस्त्रीचं काम आहे, ते करून घ्या, अन ते होईपर्यंत मशीन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, धुताना तर प्लगच काढायचा. गळ्यातला गमछा, मनगटाचा दोरा, अंगठी, सगळं काढून ठेव. मे महिन्यात आपल्याकडे गमछ्याशिवाय घाम पुसणार कशाने हे मलाही कळतं, पण तो खिळ्याला टांग, गळ्यात नको.

खोकल्याचं तू बरोबर ओळखलंस. कामावर सुरू अन सुट्टीत बंद, ही मैद्याच्या दम्याची खूण आहे, अन नुसता मैदाच नाही, पाव चांगला व्हावा म्हणून मैद्यात घालतात त्या इम्प्रूव्हरच्या पावडरीतल्या एन्झाइमचीही ॲलर्जी होते. डॉक्टरला आधी हेच सांग की मी मैद्यात काम करतो, नाहीतर ते सर्दीच्या गोळ्या देऊन पाठवतील. मैद्याचा कट्टा, म्हणजे पोतं, उंचावरून झटकून ओतू नको, भांड्याच्या आत टेकवून हळू सोड. कोरडा झाडू अन हवेचा पाइप बंद, ओल्या फडक्याने पुसा. गमछा बांधून बारीक धूळ अडत नाही, एन नाइंटीफाइव्ह मास्क लागतो.

ओल्या फडक्याने मात्र गरम ट्रे धरू नको, पाण्यातून चटका लगेच आत येतो. भाजलंच तर नळाखाली वीस मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही.

आता जे तू विचारलंच नाहीस. शटर मालक उघडतो म्हणजे बाहेरून कुलूप आहे ना? 2016 च्या डिसेंबरात पुण्यात कोंढव्याला एका बेकरीला पहाटे आग लागली, आत झोपलेले सहा कामगार गेले, शटरला बाहेरून कुलूप होतं. तुमच्याकडे तर भट्टी, तूप, मैद्याचे कट्टे सगळं खालीच अन तुम्ही वर, धूर आधी तुमच्याकडेच येणार. थंडीत भट्टीच्या उबेला दारं लावून झोपलात तर आग लागायचीही गरज नाही, अर्धवट जळणाऱ्या कोळशाच्या गॅसला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जाळीसाठी चार दिवस थांबलास तर चालेल, यासाठी एक रात्रही नाही. चौघांनी मिळून आजच सांगा, कुलूप आतून, चावी आत खिळ्याला. मालक चोरीचं कारण देईल. मग त्यालाच म्हणा, आजची रात्र तुम्ही पण इथेच झोपा.