जयमाला शिलेदार संगीत नाटकात इतकी वर्षं कशा टिकल्या?

तुमचे प्रश्न दोन आहेत. वय वाढलं की गळा जड होतो, मग जयमालाबाई 'सौभद्र'मधली सुभद्रा, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी अशा भूमिका इतकी वर्षं कशा करू शकल्या? आणि आज त्यांची पदं ऐकताना नेमकं काय ऐकायचं?

आधी काळ बघा. मूळच्या प्रमिला जाधव, जन्म १९२६ चा. रंगभूमीवर पहिलं पाऊल १९४२ मध्ये, 'वेषांतर' नाटकात. मराठी बोलपट १९३२ मध्ये आला आणि पाठोपाठ संगीत नाटक मंडळ्या एकेक करून बसल्या. स्त्रीभूमिकांसाठी गाजलेल्या गायक-नट बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळीसुद्धा १९३०च्या दशकातच मिटली. म्हणजे धंदा आवरत आला तेव्हा बाई त्यात शिरल्या. १९४९ मध्ये 'मराठी रंगभूमी' ही त्यांची नाट्यसंस्था उभी राहिली, १९५० मध्ये जयराम शिलेदारांशी लग्न झालं. तो जयराम 'रामजोशी' चित्रपटामुळे घरोघरी माहीत झालेला नट. नायक, नायिका आणि मालक एकाच घरात, हे टिकण्याचं पहिलं कारण मी मानतो. खेळ लावायचा की नाही हे दुसरा कुणी ठरवत नव्हता.

आता गळा. 'सौभद्र', 'स्वयंवर', 'मानापमान' ही नाटकं पुरुषांनी स्त्रीभूमिका करायच्या काळातली. रुक्मिणी आणि ('मानापमान'मधल्या) भामिनीच्या चाली तर बालगंधर्वांच्या गळ्यावर बसलेल्या. बाईनं त्या गायच्या म्हणजे पट्टीपासून, म्हणजे गाण्याचा मूळ 'सा' कुठे धरायचा यापासून सुरुवात. पुरुषाचा गळा साधारण काळी एक ते काळी दोनला (पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांचे क्रमांक) मोकळा, बाईचा काळी चार-पाचला. एकटीचं पद असेल तर ऑर्गनवाला पट्टी बदलतो, प्रश्न मिटला. दोघांनी मिळून गायचं पद आलं की अडचण होते. तिथे जुनी युक्ती अशी: नायकाचा षड्ज (सा) काळी दोन असेल तर त्याचा मध्यम (म) काळी चारवर येतो, नायिकेनं तोच आपला षड्ज धरायचा. हे आधी ठरलेलं नसेल तर दोघांपैकी एकजण दुसऱ्या कडव्यात किंचाळतो किंवा खर्जात, म्हणजे फार खालच्या स्वरांत, बुडतो. वय झाल्यावर पट्टी अर्ध्या स्वरानं उतरवली तर प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. ताणलेला तार षड्ज (वरचा सा) मात्र शेवटच्या रांगेलाही कळतो. हट्टानं जुन्याच पट्टीला चिकटलेल्यांचे गळे लवकर बसतात.

दम हा वेगळा विषय. मैफलीतली गायिका बसून गाते, तंबोरा कानाशी असतो. इथे अंगावर शालू, दागिने, उभं राहून गाणं, ऑर्गन-तबला खाली बाजूला. शिवाय पदाआधी पाच मिनिटं गद्य बोलून श्वास खर्ची पडलेला असतो. म्हणून श्वास कुठे घ्यायचा हे तालमीतच ठरवावं लागतं. 'स्वयंवर'मधलं बिहाग रागातलं पद घ्या: 'मम आत्मा गमला हा, नकळत नवळत हृदय तळमळत'. 'हा'वर थांबून श्वास घेता येतो. पुढची सगळी लघु अक्षरं एका दमात जायला हवीत. 'नवळत'नंतर श्वास घेतला तर तळमळ संपली, नुसते शब्द उरले.

बालगंधर्वांना त्यांनी गुरू मानलं, आणि त्या वळणाचं मर्म तानेत नाही, शब्दात आहे. 'सौभद्र'मध्ये बलरामानं सुभद्रेचं दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, तिचा लाडका अर्जुन तीर्थयात्रेला गेलाय, आणि ती सखी कुसुमावतीला विचारते, 'वद जाऊ कुणाला शरण, करी जो हरण संकटाचे'. राग जोगिया, कोमल रिषभ-धैवत. 'शरण', 'हरण' असे तुटक शब्द पसरून गायले तर अर्थ फाटतो. स्वरविस्ताराला जागा आहे ती 'अग सखये'मध्ये. तिथे स्वर मोकळा आहे आणि सुभद्रेचं रडू तिथेच फुटायला हवं. आणखी एक गोष्ट कानानं धरा: गद्यातून पदात कशा जातात. ऑर्गन शेवटच्या वाक्याखालीच सूर देतो आणि पहिलं अक्षर बोलण्यातूनच उगवतं. नवखी नटी इथे थांबते, प्रेक्षकांकडे तोंड करते, आलाप घेते. मग सुभद्रा जाते, गवई उरतो. वन्समोर आला तरी सखी समोर उभीच असते, हे किती जण विसरतात!

कात्री चालवणं हेही टिकण्याचाच भाग होतं. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त पदं दोनशेच्या घरात. रात्रभर चालणारे ते खेळ तीन तासांत बसवायचे तर साक्या, दिंड्या (छंदांतली छोटी पदं) आणि दुसरं-तिसरं कडवं आधी जातं. पण नुसतं 'हिट' पद ठेवून त्याच्याआधीचा संवाद कापला की पद अधांतरी लोंबकळतं. आजच्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांचा दोष मला तोच वाटतो.

पद्मश्री त्यांना २०१३ मध्ये मिळाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

ऐकायचंच तर आई आणि मुलगी एकापाठोपाठ ऐका. कीर्ती शिलेदार (१९५२–२०२२), ज्या २०१८ च्या मुलुंडच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा होत्या, त्यांचा गळा जास्त चपळ. 'स्वरसम्राज्ञी' नाटकातली मैना त्यांना शोभली ती म्हणूनच: तमाशातली पोर शास्त्रीय गायिका होते, एकाच रात्री लावणीची फेक आणि ख्यालाची बैठक दोन्ही लागतात. एकच जुनं पद दोघींच्या आवाजात मिळालं तर आधी संहितेतला त्याच्या वरचा संवाद वाचा, मग पद लावा.