कॅमेऱ्यासमोरचा पदार्थ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

खाद्यपदार्थांचे छायाचित्रण आणि त्यासाठीची मांडणी शिकू पाहणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. पुष्कळांनी उपकरणांविषयी विचारले आहे. परंतु त्यांच्या अडचणी नीट वाचल्या की बहुतेकींचे मूळ दोनच ठिकाणी सापडते. उजेड कोणत्या बाजूने येतो आहे, हे एक. आणि पदार्थ तयार झाल्यापासून छायाचित्र टिपले जाईपर्यंत किती वेळ गेला, हे दुसरे.

प्रश्न : माझा मोबाइल चांगल्या प्रतीचा आहे, तरीही घरी काढलेली पदार्थांची छायाचित्रे सपाट आणि पिवळट येतात. आता स्वतंत्र कॅमेरा घ्यावा का?

कॅमेऱ्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. सपाटपणा आणि पिवळटपणा या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत, पण दोन्हींचे कारण छताला लावलेला दिवा हेच असण्याची शक्यता अधिक आहे. पदार्थाचा खडबडीतपणा, पापुद्रे, रवाळपणा हे सारे डोळ्याला कळते ते पृष्ठभागावरच्या बारीक सावल्यांमुळे. उजेड वरून किंवा छायाचित्रकाराच्या पाठीमागून आला की त्या सावल्या पुसल्या जातात आणि पावाचा तुकडा पुठ्ठ्याच्या तुकड्यासारखा दिसू लागतो. मोबाइलचा फ्लॅश तर लेन्सच्या शेजारूनच उजेड फेकतो, त्यामुळे तो कायमचा बंद ठेवलेला बरा.

पिवळ्या दिव्याचे रंगतापमान, म्हणजे उजेडाची पिवळी-निळी छटा सांगणारे माप, साधारणपणे २७०० ते ३००० केल्विन असते, तर दिवसाच्या उजेडाचे सुमारे ५५०० केल्विन. हे दोन्ही उजेड एकाच ताटलीवर पडले, तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची कॅमेऱ्यातली रंगजुळणी, कोणत्याही एकाच उजेडाप्रमाणे लावता येतो. दुसऱ्याचा रंग चित्रात राहतो आणि नंतरच्या संपादनातही तो पुरता निघत नाही. म्हणून खोलीतले सगळे दिवे बंद करावेत आणि थेट ऊन येत नसलेल्या खिडकीजवळ टेबल न्यावे. उजेड पदार्थाच्या एका बाजूने, किंवा बाजू आणि पाठ यांच्या मधून आला पाहिजे. ऊन थेट येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरा पडदा किंवा ट्रेसिंग पेपर लावावा. उजेडाचा स्रोत जितका मोठा आणि जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ होतात. मग खिडकीच्या समोरच्या बाजूला, ताटलीच्या लगत, एक पांढरा पुठ्ठा उभा करावा. तो हळूहळू जवळ आणला की सावली उजळत जाते. त्याच जागी काळा पुठ्ठा ठेवला तर ती अधिक गडद होते. एवढ्या दोन पुठ्ठ्यांनी जे साधते ते पाहिल्यावर नव्या कॅमेऱ्याची घाई पुष्कळ कमी होते, असा माझा अनुभव आहे.

रात्रीच काम करणे भाग असेल, तर एकच दिवा वापरावा, त्याच्यापुढे पांढरे कापड धरावे आणि दिवा निवडताना त्याचा सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याची क्षमता, ९० किंवा त्याहून अधिक आहे याची खात्री करावी. कमी सीआरआयच्या दिव्याखाली लाल रंग हमखास मळका दिसतो, आणि खाण्याच्या पदार्थांत लाल व तांबूस छटांवरच पुष्कळ काही अवलंबून असते.

प्रश्न : मोबाइलने जवळून टिपले की वाटी पुढून फुगलेली आणि मागून निमुळती दिसते. हा लेन्सचा दोष आहे का?

दोष लेन्सचा नसून अंतराचा आहे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २८ मिलिमीटर लेन्सइतके रुंद दृश्य घेतो, त्यामुळे चौकट भरण्यासाठी आपण पदार्थाच्या अगदी जवळ जातो आणि जवळून पाहिलेली कोणतीही वस्तू अशीच ताणलेली दिसते. थोडे मागे सरकून दुप्पट झूम वापरावा. स्वतंत्र कॅमेरा असेल, तर मोठ्या, म्हणजे फुल-फ्रेम, सेन्सरवर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स आणि लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स या कामाला सोयीची पडते. एक सवय मात्र आरंभीच मोडावी : पार्श्वभूमी धूसर व्हावी म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र, पूर्ण उघडण्याची. एफचा आकडा जितका लहान, तितके ते छिद्र मोठे. इतक्या जवळून एफ/२ वर टिपले, तर केकच्या तुकड्याची केवळ पुढची कड स्पष्ट येते आणि बाकीचा तुकडा विरघळून जातो. एफ/५.६ ते एफ/८ पासून सुरुवात करावी, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा आणि उजेड कमी पडला तर शटरचा वेग खुशाल कमी करावा. ताटली काही हलणार नाही.

प्रश्न : वरून टिपावे की समोरून, हे कसे ठरवावे?

पदार्थाची ओळख त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. ज्यांचे सौंदर्य पसरलेल्या पृष्ठभागावर आहे, त्यांना वरून, म्हणजे ९० अंशांतून टिपावे. थरांचा केक, सँडविच, उंच पेला यांना समोरून. वाटीतल्या आणि ताटलीतल्या बहुतेक पदार्थांना मधला, सुमारे ४५ अंशांचा कोन मानवतो, कारण जेवायला बसलेला माणूस आपले ताट साधारण तसेच पाहतो. वरून टिपताना सूपची वाटी आणि सूपने माखलेली ताटली यांतला फरक कळेनासा होतो, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मांडणी मनासारखी होईपर्यंत पालेभाजी काळपट पडते, सॅलड मलूल होते आणि कापलेले फळ तपकिरी दिसू लागते. व्यावसायिक लोक पदार्थ इतका वेळ ताजा कसा ठेवतात?

ते ठेवत नाहीत. पदार्थ ताजा असतानाच चित्र टिपता येईल अशी तयारी ते आधी करून ठेवतात. या कामात एका पदार्थाचे दोन नग असतात. पहिल्याला स्टँड-इन म्हणतात : तो दिसायला कसाही असला तरी चालतो, कारण त्याच्यावर केवळ चौकट, उजेड, फोकस आणि भांड्यांच्या जागा ठरवायच्या असतात. त्यासाठी आकाराला आणि रंगाला जवळची कोणतीही वस्तू चालते. सगळे ठरले, दोन-चार चाचणी चित्रे पाहून झाली, की स्टँड-इन उचलला जातो आणि निवडून, जपून ठेवलेला नग, ज्याला हीरो म्हणतात, नेमक्या त्याच जागी येतो. ताटलीच्या कडेशी टेबलावर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या की ही अदलाबदल काही क्षणांत होते. नवशिका नेमके उलटे करतो : पदार्थ गरम-गरम आणून ठेवतो आणि मग ट्रायपॉडचे पाय उघडायला घेतो.

आता तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टी. हिरव्या भाजीचा रंग शिजवताना जातो, कारण उष्णतेमुळे आणि आम्लामुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते व तो हिरवा रंग शेवाळी होतो. म्हणून चित्रासाठी भाजी खळखळत्या, मीठ घातलेल्या पाण्यात एक-दोन मिनिटेच ठेवावी आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावी. ती खायला थोडी कच्ची लागेल, पण चित्राला चव नसते. सॅलडची पाने थंड पाण्यात भिजवून, निथळून, ओल्या कागदी रुमालात गुंडाळून थंड जागी ठेवावीत, आणि तेल किंवा आंबट मिश्रण टिपण्याच्या अगदी आधी, तेही कुंचल्याने, हवे तेथेच लावावे. कापलेले सफरचंद तपकिरी पडते ते हवेतल्या प्राणवायूमुळे आणि फळातल्याच एका विकरामुळे. लिंबूरसाच्या पाण्यात फोडी बुडवल्या की ती क्रिया मंदावते. तोच लिंबूरस हिरव्या भाजीवर पडला तर मात्र भाजी काळवंडते, त्यामुळे दोन्हींची भांडी वेगळी ठेवावीत.

जवळ बारीक टोकाचा चिमटा, दोन-तीन मऊ कुंचले, पाण्याची फवारणीची बाटली, कापसाच्या काड्या आणि भरपूर कागदी रुमाल असावेत. ताटलीच्या काठावरचा एक ओघळ पुसायला दोन सेकंद लागतात. संपादनात तोच काढायला बराच वेळ जातो.

प्रश्न : घट्ट रस्सा, भाजलेले मांस, शिजवलेल्या डाळी असे तपकिरी पदार्थ चविष्ट असूनही चित्रात चिखलासारखे दिसतात. काही उपाय आहे का?

तपकिरी पदार्थांना रंगाचा आधार मिळत नाही, त्यामुळे त्यांना पोत आणि चकाकी यांच्या आधारावर उभे करावे लागते. उजेड मागून, जरा खालच्या उंचीवरून आणावा. तेलाच्या तवंगावर आणि भाजलेल्या सालीवर पांढुरकी चमक उमटते, आणि ओलावा दिसतो तो तिच्यामुळेच. पृष्ठभाग सुकला असेल तर टिपण्यापूर्वी कुंचल्याने तेलाचा हलका हात फिरवावा. ही चमक फार भडक झाली तर पोलरायझर फिल्टर फिरवून ती कमी करता येते. ती पूर्ण घालवू नये, अन्यथा पुन्हा चिखलच उरतो.

वर कोथिंबीर किंवा तत्सम काही हिरवे भुरभुरणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे आणि तो वाईट नाही, परंतु जे त्या पदार्थात मुळात पडतच नाही ते केवळ रंगासाठी वर ठेवू नये. रश्श्यातल्या फोडी तळाशी जात असतील, तर खोलगट वाटीऐवजी उथळ वाटी घ्यावी, रस्सा कमी घालावा आणि वेगळ्या राखून ठेवलेल्या फोडी चिमट्याने वर मांडाव्यात.

प्रश्न : दुधाऐवजी गोंद, मधाऐवजी इंजिनचे तेल, आइस्क्रीमऐवजी कुस्करलेला बटाटा वापरतात असे ऐकले आहे. हे सर्व शिकावे लागते का, आणि ते योग्य आहे का?

ही तंत्रे खरी आहेत आणि तापणाऱ्या दिव्यांखाली तासन् तास काम चालत असे त्या काळात त्यांची गरजही होती. आज दिवे थंड आहेत आणि चित्र त्याच क्षणी पडद्यावर दिसते, त्यामुळे खरा पदार्थ वापरूनच बहुतेक काम होते. शिकणाऱ्याने तर या युक्त्यांच्या मागे लागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोंदावर उजेड कसा पडतो हे शिकून दुधाचे चित्र काढता येत नाही.

योग्यतेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्यावर अमेरिकेतील दोन जुनी प्रकरणे पाहण्यासारखी आहेत. कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या होत्या, जेणेकरून भाज्यांचे तुकडे वर दिसत राहावेत. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याला आक्षेप घेतला आणि १९७० च्या सुमारास हे प्रकरण गाजले. त्याआधी, १९६५ मध्ये, कोलगेट-पामोलिव्ह कंपनीच्या दाढीच्या क्रीमविषयी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. त्या जाहिरातीत क्रीम लावून खरकागद (सँडपेपर) दाढीसारखा सफाचट केलेला दाखवला होता. प्रत्यक्षात तो खरकागद नसून वाळू चिकटवलेले पारदर्शक प्लास्टिक होते. न्यायालयाने जाहिरात फसवी ठरवली आणि आइस्क्रीमच्या जागी ठेवलेल्या बटाट्याचे उदाहरण वेगळे काढले : तेथे बटाटा हा मालाच्या गुणाचा पुरावा म्हणून पुढे केलेला नसतो.

हा भेद कामाला येतो. जो पदार्थ विकायचा आहे त्याचे प्रमाण, आकार किंवा घटक खोटे दाखवणे म्हणजे फसवणूक. शेजारच्या पेल्यातला बर्फ ॲक्रिलिकचा असणे म्हणजे सोय. उपाहारगृहाच्या मेन्यूसाठी काम करताना मी याहून कडक राहावे असे म्हणेन : ग्राहकाच्या पुढे जे भांडे आणि जितका पदार्थ येणार, तोच चित्रात असावा.

प्रश्न : वाफ आणि थंड पेल्यावरचे थेंब चित्रात येत नाहीत.

वाफ म्हणून आपल्याला जे दिसते ते पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. ते दिसण्यासाठी मागून येणारा उजेड आणि त्यांच्या मागे गडद पार्श्वभूमी, या दोन्ही गोष्टी लागतात. पांढऱ्या भिंतीपुढे कितीही गरम कॉफी ठेवली तरी वाफ दिसणार नाही. खोली थंड असेल तर ती अधिक दिसते. पेल्यावरच्या थेंबांसाठी ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून बाहेरच्या बाजूवर फवारावे. ग्लिसरीन घट्ट असल्यामुळे हे थेंब सहजी ओघळत नाहीत आणि ते लवकर उडून जात नसल्यामुळे पुष्कळ वेळ टिकतात. पेय ओतण्याआधीच फवारणी उरकावी आणि पेला वरच्या काठाला धरून उचलावा, म्हणजे बोटांचे ठसे उमटत नाहीत.

प्रश्न : पांढरी ताटली नेहमी करडी का येते? आणि सजावटीला किती वस्तू ठेवाव्यात?

कॅमेऱ्याचे प्रकाशमापन समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरते, त्यामुळे चौकटीत पांढरे जास्त झाले की ते सारेच खाली खेचले जाते. एक्स्पोजर, म्हणजे चित्रात घेतलेला उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मोबाइलमध्ये फोकसच्या जागी बोट दाबून धरून उजेडाची पट्टी वर सरकवावी. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या गडद-उजळ छटांचा आलेख, उजव्या कडेला आदळत नाही एवढे पाहिले की पुरे.

वस्तूंबाबत माझा कल कमीकडे आहे. ताटली नेहमीपेक्षा लहान आणि शक्यतो बिनचकाकीची घ्यावी, चमच्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसत नाही ना हे तपासावे, आणि जी वस्तू त्या पदार्थाच्या तयारीत किंवा खाण्यात उपयोगी पडत नाही ती चौकटीबाहेर काढावी. सुकी फुले, जुनी पुस्तके, दोऱ्याचे रीळ हे सारे सध्या फार दिसते. त्यात पदार्थ शोधावा लागतो.

प्रश्न : अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा, की स्वतःच शिकावे? स्वतः शिकायचे तर सुरुवात कोठून करावी?

व्यवसाय करायचा असेल तर अनुभवी स्टायलिस्टच्या, म्हणजे चित्रासाठी पदार्थ मांडणाऱ्याच्या, हाताखाली मदतनीस म्हणून काढलेले काही महिने कोणत्याही वर्गापेक्षा अधिक शिकवतात, कारण खरेदी, निवड, कापणी आणि वेळापत्रक या गोष्टी वर्गात फारशा येत नाहीत. उजेड मात्र घरीच शिकता येतो. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली ढोबळ्या मिरच्यांची चित्रे पुन्हा पुन्हा काढली. त्यांतल्या तिसाव्या क्रमांकाच्या, सर्वांत प्रसिद्ध चित्रासाठी त्याने मिरची पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली होती, ज्यामुळे वरून आलेला उजेड आतल्या भिंतींवरून परतून तिच्या वळणांवर पडला.

तुम्ही एक उकडलेले, सोललेले अंडे घ्यावे. ते पांढरे असल्यामुळे रंग लक्ष विचलित करत नाही, गोलाई असल्यामुळे उजेडातला प्रत्येक बदल दिसतो, आणि ते लवकर कोमेजत नाही. खिडकीजवळ ते एका जागी ठेवून कॅमेरा त्याच अंतरावरून त्याच्याभोवती फिरवावा आणि उजेड बाजूने, मागून आणि समोरून घ्यावा. मग प्रत्येक वेळी पांढरा पुठ्ठा, काळा पुठ्ठा आणि पुठ्ठ्याविना अशी चित्रे काढावीत. ती एकत्र लावून पाहावीत आणि प्रत्येकाखाली उजेडाची दिशा लिहून ठेवावी. त्यानंतर अंडे मधोमध कापावे, कारण आता ओलसर बलक आणि गुळगुळीत पांढरा भाग यांना एकाच उजेडात सांभाळावे लागेल, आणि बलक सुकायला लागण्याआधी तुमच्या हातात मोजकीच मिनिटे असतील.