गोव्यात दिव्यांगांना शिडाच्या होडीतून नेण्यासाठी स्वयंसेवकाला होडी चालवता यायला हवी का?

नाही, कारण स्वयंसेवकाचे बरेचसे काम जेटीवरच असते. व्हीलचेअरवरील व्यक्तीला होडीत बसवण्याचा क्षण सर्वांत नाजूक असतो; तेव्हा खुर्चीचे ब्रेक लावावेत, होडी दोघांनी घट्ट धरावी आणि आपल्याला कसे उचललेले सोयीचे पडते, हे त्या व्यक्तीलाच आधी विचारावे. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांना पायांत संवेदना नसल्यामुळे कडेला घासलेले किंवा उन्हाने तापलेल्या भागाचा बसलेला चटका कळत नाही, म्हणून त्यांचे पाय नीट ठेवले आहेत ना, हे आपणच पुन्हा पाहावे.

‘हान्सा ३०३’सारख्या होडीत दोघे शेजारी, तळाजवळ, पुढे तोंड करून बसतात, पाण्याखालच्या वजनदार फळीमुळे ती सहसा उलटत नाही आणि सुकाणू जॉयस्टिकने वळते. ते सुकाणू दिव्यांग व्यक्तीच्याच हाती द्यावे. नुसते फिरवून आणणे मला अपुरे वाटते.

दोना पावला, करंजाळे परिसरात दुपारनंतर वारा वाढतो, त्यामुळे नवख्यांना सकाळी न्यावे. पावसाळ्याचे महिने मात्र वगळावेत. लाइफ जॅकेट सर्वांनीच घालावे, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा.