सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांमध्ये पौल सर्वमान्य होता का?

तुम्ही विचारले आहे की आज ख्रिस्ती धर्मावर पौलाची, म्हणजे ज्याची पत्रे बायबलच्या नव्या करारात आहेत त्या पहिल्या शतकातल्या प्रेषिताची, एवढी छाप दिसते, तर पहिल्या दोन-तीनशे वर्षांत सगळे ख्रिस्ती त्याला मानत होते का, की त्याची प्रतिमा मागाहून घडवली गेली?

सगळे मानत नव्हते. जे मानत होते त्यांच्यातही ‘खरा पौल कोणाचा’ यावरून मोठी ओढाताण होती. या प्रश्नाशी माझे घरचे नाते आहे. माझी आजी मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलेली, पेशाने शिक्षिका. कितीतरी स्तोत्रे तिला तोंडपाठ होती. संडे स्कूलमध्ये ती मुलांना शिकवायची, पण मोठ्यांच्या उपासनेत संदेश द्यायला तिला कधीच उभे केले गेले नाही. का, तर स्त्रीने शिकवू नये असे पौलाने लिहून ठेवले आहे. ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की शेवटी पौल स्वतःच वाचायला घेतला.

त्याच्या हयातीतच त्याच्यावर शंका घेणारे होते, हे त्याच्याच पत्रांतून कळते. गलतीकरांस, म्हणजे गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, लिहिताना तो जवळजवळ संतापलेला आहे. माझा संदेश मला माणसांकडून मिळालेला नाही, येशूच्या दर्शनानंतर मी यरुशलेमला धावलो नाही, तीन वर्षांनी गेलो आणि केफाकडे, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे, फक्त पंधरा दिवस राहिलो, असे तो शपथेवर सांगतो. पुढे अंत्युखियात आपण पेत्राला तोंडावर कसे सुनावले, तेही लिहितो. पेत्र आधी यहूदीतर बंधूंबरोबर जेवत होता आणि यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे येताच मागे सरला, हे पौलाला सहन झाले नव्हते. एका पंगतीला कोण बसणार, एवढ्यावरून हे भांडण होते. आपल्याकडच्या वाचकाला त्याचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडा. पौलानंतर काही दशकांनी लिहिलेल्या या पुस्तकाचा अर्ध्याहून अधिक भाग पौलाचाच आहे, पण हा पौल बराच निवळलेला दिसतो. यहूदीतरांसाठी दार उघडतो तो आधी पेत्र, कर्नेल्य नावाच्या रोमन अधिकाऱ्याच्या घरी. यरुशलेमच्या सभेत सगळे एकमताने निर्णय घेतात. मूर्तींना दाखवलेल्या अन्नापासून दूर राहा, असे पत्र निघते आणि पौल ते गावोगाव पोचवतो. स्वतः पौल मात्र गलतीकरांस म्हणतो की गरिबांची आठवण ठेव, याखेरीज त्या पुढाऱ्यांनी मला काही सांगितले नाही. अंत्युखियातल्या भांडणाचा तर ‘कृत्यां’त उल्लेखच नाही. पौल आपला सहकारी बर्णबा याच्यापासून वेगळा होतो, तो सोबत मार्काला न्यायचे की नाही या वादावरून. सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे पौल पत्रे लिहायचा, हेही हे पुस्तक सांगत नाही. लेखकाला पौलाबद्दल अपार आदर आहे, हे पानोपानी जाणवते. माझ्या मते त्याला तुटलेली घरे सांधायची होती, आणि त्यासाठी त्याने असा पौल रंगवला जो कोणाशीही घर तोडत नाही.

काहींना मात्र सांधायचेच नव्हते. मोशेचे नियमशास्त्र पाळणारा एबियोनी नावाचा ख्रिस्ती गट पौलाला धर्मभ्रष्ट म्हणत असे. चौथ्या शतकातला बिशप एपिफेनियस त्यांची एक कंडी नोंदवतो. ती अशी की पौल मुळात ग्रीक होता, याजकाच्या मुलीशी लग्न करायचे म्हणून त्याने सुंता करून घेतली आणि मुलगी मिळाली नाही तेव्हा चिडून सुंतेविरुद्ध लिहू लागला. रोमचा बिशप क्लेमेंट याच्या नावावरच्या एका कथेत पेत्र जादूगार शिमोनाला विचारतो की केवळ दर्शनाने कोणी गुरू होतो का. मग येशू आमच्यासोबत वर्षभर जागेपणी का राहिला? नाव शिमोनाचे घेतले असले तरी बाण पौलाकडे आहे, हे बहुतेक अभ्यासकांना दिसते.

दुसऱ्या टोकाला मार्सियन. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा हा श्रीमंत जहाजमालक. त्याला वाटे की खरा प्रेषित एकच, पौल, आणि बाकीच्यांना येशू कळलाच नाही. त्याने लूकच्या शुभवर्तमानाची काटछाट केलेली प्रत आणि पौलाची १० पत्रे एवढेच पवित्र मानले. जुना करार त्याने पूर्ण टाकून दिला. इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले आणि त्याने दिलेली २ लाख सेस्टर्सची (रोमन नाण्यांची) देणगी परत केली. त्यानंतर पौलाचे नाव घेणे अवघड होऊन बसले. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने पौलाला ‘पाखंड्यांचा प्रेषित’ म्हटले, आणि त्याच टर्टुलियनने मार्सियनविरुद्ध पाच खंड लिहून पौलाला मार्सियनच्या तावडीतून सोडवायचा प्रयत्न केला. ‘पेत्राचे दुसरे पत्र’ जेवढ्यास तेवढे बोलते. त्याचा आशय असा की आमच्या प्रिय बंधू पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत आणि अज्ञानी लोक त्यांचा विपर्यास करतात. पौलाला आपला म्हणायचे आणि त्याच्या वाचकांना सावध करायचे, ही दोन्ही कामे एका वाक्यात साधली आहेत.

आता माझ्या आजीकडे येतो.

नव्या करारात पौलाच्या नावाची १३ पत्रे आहेत. त्यांपैकी ७ निःसंशय त्याची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तीमथ्याला लिहिलेली दोन आणि तीताचे एक, ही तीन त्यांत धरली जात नाहीत. शब्दसंग्रह वेगळा, शैली वेगळी, मंडळीची घडी पुढच्या काळातली. पौलाच्या शिष्यपरंपरेतल्या कोणीतरी, आपल्या काळाच्या प्रश्नांना पौलाने काय उत्तर दिले असते असे मनात धरून, ती त्याच्या नावाने लिहिली असावीत. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असलेला प्रत्येक अभंग नामदेवांचा नसतो हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, निवांत राहावे, हे वचन त्यांतल्याच पहिल्या तीमथ्यात येते.

त्याच दुसऱ्या शतकात पौलाच्याच नावाने अगदी उलट गोष्ट सांगितली जात होती, थेक्लाची. इकुन्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले कोन्या, इथली ही वाग्दत्त मुलगी शेजारच्या घरातून येणारा पौलाचा आवाज तीन दिवस-तीन रात्री खिडकीत बसून ऐकते. लग्न मोडते. तिला जिवंत जाळायची शिक्षा होते, तर पाऊस येऊन आग विझते. पुढे तिला श्वापदांपुढे टाकतात, तर एक सिंहीण तिच्या बाजूने लढते. पौल बाप्तिस्मा द्यायला थांबवत राहिला होता, म्हणून ती रिंगणातल्या पाण्याच्या कुंडात उडी घेऊन स्वतःच बाप्तिस्मा घेते. शेवटी पौल तिला म्हणतो, जा, देवाचे वचन शिकव. पौल बुटका, टकला, वाकड्या पायांचा, जुळलेल्या भुवयांचा होता, हे वर्णनही याच कथेतले आहे, आणि त्याची चित्रे पुढे याच वळणाची होत गेली.

टर्टुलियन सांगतो की आशिया प्रांतातल्या मंडळीच्या एका वडिलाने, म्हणजे पदाधिकाऱ्याने, हे पुस्तक रचले, पौलाच्या प्रेमापोटी लिहिले अशी कबुली दिली आणि त्याला पद सोडावे लागले. टर्टुलियनला ही तक्रार करावी लागली, कारण थेक्लाचा दाखला देऊन स्त्रिया शिकवण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा हक्क सांगत होत्या. लेखक पदावरून गेला तरी थेक्ला राहिली. इ.स. ३८४ च्या सुमारास एगेरिया नावाची यात्रेकरू स्त्री आजच्या तुर्कस्तानातल्या सेल्युकियाजवळच्या थेक्लाच्या स्थानी गेली आणि तिथे तिने ही कथा वाचली, असे तिने स्वतः लिहून ठेवले आहे.

मग मूळ पौल कोणाच्या बाजूचा? हे सोपे नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, जे नक्की त्याचे आहे, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे अशी ओळ आहे. पण त्याच पत्रात तीन अध्याय आधी तो स्त्रियांनी प्रार्थना आणि संदेश देताना डोके झाकावे म्हणतो, म्हणजे त्या बोलत होत्याच. गप्प राहण्याच्या ओळी काही हस्तलिखितांत अध्यायाच्या शेवटी सापडतात, त्यामुळे त्या मागाहून घुसल्या असे काही अभ्यासक मानतात. मलाही ते पटते. रोमकरांसच्या शेवटच्या अध्यायात तो फिबीला किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणतो आणि युनियाला प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो. चौथ्या शतकात प्रसिद्ध उपदेशक क्रिसोस्तोमने याच युनियाची, स्त्री म्हणूनच, तोंड भरून स्तुती केली आहे.

पेत्र-पौलाच्या भांडणाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. रोमने दोघांना जोडीने हुतात्मे मानले. २९ जून हा दोघांचा एकत्र सण झाला आणि गोव्यात त्याच दिवशी होड्या जोडून केलेली सांगोड निघते. पण गलतीकरांस पत्रातला तो प्रसंग सलत राहिला. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम म्हणाला की ते भांडण दोघांनी ठरवून केलेले नाटक होते. आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने त्याला कळकळीने लिहिले की पवित्र शास्त्रात एवढेही खोटे मानले तर कशावरच विश्वास ठेवता येणार नाही. दोन थोर माणसे या एका प्रसंगावरून वर्षानुवर्षे पत्रांतून झगडत राहिली.

या विद्वानांच्या वादात साध्या माणसांचा पौल हरवतो, म्हणून एक प्रसंग. इ.स. १८० मध्ये आफ्रिकेतल्या स्किल्ली गावच्या ख्रिस्ती लोकांना कार्थेजला न्यायासनापुढे उभे केले. पेटीत काय आहे, असे अधिकाऱ्याने विचारले. त्यांच्यातला स्पेरातुस म्हणाला, पुस्तके, आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रे. त्या दिवशी बारा जणांचा शिरच्छेद झाला. त्यांत पाच स्त्रिया होत्या.

वाचायचे असेल तर गलतीकरांस पत्र आधी वाचा आणि ‘कृत्यां’चा पंधरावा अध्याय लगेच नंतर. रोमकरांसचा सोळावा अध्याय नुसती नावांची यादी समजून सोडू नका. आजीचे बायबल आता माझ्याकडे आहे, आणि त्या पानावर फिबीच्या नावाखाली पेन्सिलीने ओढलेली रेघ आहे.