एकट्याचा डाव: सॉलिटेअरबद्दल वाचकांचे प्रश्न

बैठ्या खेळांबद्दल आलेल्या पत्रांपैकी पत्त्यांच्या एकट्याने खेळायच्या डावांवरचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. नुसतं ‘सॉलिटेअर’ म्हटलं की बहुतेकांना अभिप्रेत असतो तो क्लॉन्डाइक. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर तो कचेऱ्यांतल्या संगणकांवर आला आणि तिथून घरोघरी. खाली वेगळं सांगितलं नसेल तिथे तोच डाव समजावा.

मोबाइलवर जमतं, पण घरातल्या कॅटवर मांडायला गेलं की गोंधळ होतो. मांडणी नेमकी कशी करायची?
– एक वाचक, सिडको

जोकर बाजूला काढा. डावीकडून पहिलं पान उघडं ठेवा आणि त्याच्या उजवीकडे सहा पानं पालथी. आता दुसऱ्या ढिगावर एक उघडं, त्यापुढच्या पाच ढिगांवर पालथी. मग तिसऱ्यावर उघडं, पुढे चार पालथी. असं सातव्या ढिगापर्यंत. पहिल्या ढिगात एक पान, सातव्यात सात, एकूण २८. हातात २४ उरली पाहिजेत. २३ किंवा २५ उरली तर वाटण्यात चूक झाली, पुन्हा मांडा. ढिगांमध्ये पानं उतरत्या क्रमाने आणि लाल-काळी आलटून पालटून लागतात. वरच्या चार घरांत एक्क्यापासून राजापर्यंत एकेका चिन्हाची चढती पानं जातात.

जागा सढळ हवी. सात ढिगांना दीड-दोन फूट रुंदी लागते, त्यामुळे टीपॉयपेक्षा सतरंजी बरी. चिवड्याची बशी लांब ठेवा. तेलकट बोटांनी दोन पानं चिकटतात आणि एकाऐवजी दोन उलटली जातात.

खरी अडचण पिसण्यात येते. अडलेला डाव ढिगाढिगाने गोळा केला की राजा-राणी-गुलाम अशा लागलेल्या माळा कॅटमध्ये तशाच राहतात. आपल्याकडे बहुतेक जण वरची थोडी पानं खाली सारत पिसतात; त्याने या माळा लवकर तुटत नाहीत. दोन भाग करून पानं एकमेकांत फडफडवत मिसळायची पद्धत येत असेल तर सात वेळा करा. येत नसेल तर सगळी पानं पालथी पसरून दोन्ही हातांनी चांगलं मिनिटभर कालवा. दिसायला पोरखेळ, पण पानं याने नीट मिसळतात.

रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो. कसारा घाटात नेटवर्क गेलं की हाच खेळ उरतो. दिसेल ती चाल करतो, तरी निम्म्यात डाव अडतो. काय चुकतंय?
– एक वाचक, नाशिकरोड

दिसेल ती चाल करणं, हेच. मांडणीत २१ पानं पालथी असतात आणि सगळा डाव ती उलटण्याचा आहे. चालीमुळे पालथं पान उघडत नसेल, एखादं पान वरच्या घरात जात नसेल किंवा पुढच्या अशा चालीची सोय होत नसेल, तर ती चाल बिनकामाची.

समजा, चौकट अठ्ठी उघडी आहे आणि काळ्या सत्त्या दोन आहेत. किलवर सत्ती दुसऱ्या ढिगावर, इस्पिक सत्ती सातव्यावर. हात दुसऱ्या ढिगाकडे जातो, कारण तो लवकर रिकामा होईल असं वाटतं. पण तिथे खाली एकच पान पालथं आहे, सातव्यात सहा. इस्पिक सत्ती उचला. किलवर सत्तीला बदाम अठ्ठीची वाट बघावी लागेल, ते परवडतं. सहा पानं अडकून पडणं परवडत नाही. राजा उघडा पडून जागेसाठी खोळंबला असेल तरच दुसऱ्या ढिगाचा आधी विचार करा. मोकळ्या जागेत फक्त राजा बसतो. राजा हाताशी नसताना ढीग रिकामा केला तर सात ढिगांचे सहा झाले, एवढीच कमाई.

दोन रंगांचे राजे उपलब्ध असतील तर आधी राण्या बघा. लाल राणी मोठ्या ढिगावर बसली असेल तर काळा राजा आणा, म्हणजे ती उचलता येईल. राण्यांवरून ठरत नसेल तर गुलामांकडे बघा.

आणखी एक खोड म्हणजे वर पाठवायची घाई. एक्का आणि दुर्री लगेच पाठवा, त्यांचा खाली उपयोग नाही. तिर्रीपासून पुढे थांबून बघा. बदाम सत्ती वर गेली की तिच्यावर बसू शकणाऱ्या काळ्या छक्कीची एक जागा गेली. इस्पिक आणि किलवर या दोन्ही घरांत पंजीपर्यंत पानं लागली असतील तर मात्र बदाम सत्ती निर्धास्त पाठवा, कारण काळ्या छक्क्या उघडल्या की थेट वरच जातील. हाच हिशेब प्रत्येक पानाला. बदाम सातमध्ये पान अडवून दुसऱ्याला छळता येतं. इथे छळायला आपण एकटेच असतो.

तीन-तीन पानं उलटायच्या प्रकारात तीच तीच आठ पानं समोर येतात. गड्डीतली बाकीची कशी मिळवायची?
– एक वाचक, पंचवटी

गड्डी म्हणजे मांडणीनंतर हातात उरलेली २४ पानं. त्यांच्या आठ तिकड्या होतात. एकही पान उचललं नाही तर प्रत्येक फेरीत तिसरं, सहावं, नववं अशीच पानं वर येणार. एखाद्या तिकडीतून एक पान खेळलं की पुढच्या फेरीत तिथून पुढे सगळं एकाने सरकतं आणि त्यापुढच्या प्रत्येक तिकडीतलं पहिलं पान वर येतं. दोन खेळली तर मधलं पान वर येतं. तीनही खेळली तर पुढची पानं पुन्हा जुन्याच क्रमाने येतात. अडलेला डाव सोडवायला दोनच पानं खेळून तिसरं मुद्दाम ठेवावं, ते याचसाठी.

सुरुवातीच्या तिकडीतलं पान खेळलं तर जवळजवळ सगळी गड्डी सरकते. शेवटच्या तिकडीतलं खेळून त्याच्या आधीचं काहीच हलत नाही. फेऱ्यांवर मर्यादा नसेल तर पहिली फेरी काहीही न खेळता फिरवा आणि कुठली पानं कुठे आहेत ते लक्षात ठेवा.

फ्रीसेलमध्ये पाच पानांची माळ दुसऱ्या ढिगावरच्या दश्शीवर सरकली. चाल मागे घेऊन तीच माळ रिकाम्या ढिगात टाकायला गेले तर गेली नाही. ॲप बिघडलंय का?
– एक वाचक, गंगापूर रोड

ॲप बरोबर आहे. फ्रीसेल हा एकट्याने खेळायचा दुसरा डाव; त्यात पानं तात्पुरती ठेवायला चार खण असतात. नियमाने एका वेळी एकच पान हलतं. माळ एकदम सरकताना दिसते तेव्हा ॲप आतल्या आत पानं मोकळ्या खणांत ठेवून ती एकेक करून हलवत असतं. हिशेब असा: रिकामे खण अधिक एक, आणि प्रत्येक रिकाम्या ढिगामागे त्याची दुप्पट. तुमच्याकडे दोन खण आणि एक ढीग रिकामा असेल तर तीन गुणिले दोन, म्हणजे सहा पानं. पण त्या रिकाम्या ढिगातच माळ न्यायची असेल तर तो मधल्या थांब्यासाठी उरत नाही, मग तीनच.

खऱ्या पत्त्यांवर नश्शी ते पंजी अशी माळ हलवून बघा. पंजी आणि छक्की खणांत, सत्ती रिकाम्या ढिगात, तिच्यावर छक्की-पंजी. खण पुन्हा मोकळे झाले. अठ्ठी खणात, नश्शी दश्शीवर, नश्शीवर अठ्ठी. मग पंजी-छक्की पुन्हा खणांत, सत्ती अठ्ठीवर आणि मागून छक्की-पंजी. म्हणूनच खण भरून टाकणं महागात पडतं. चारही भरले आणि ढीगही रिकामा नसला तर एका वेळी एकच पान हलतं.

प्रत्येक डाव सुटतो का? की काही डावांवर वेळ फुकट जातो?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

तीन पानं उलटायच्या क्लॉन्डाइकमध्ये सगळी पालथी पानं आधीच माहीत आहेत असं धरलं, तर शंभरातले साधारण ८२ डाव सुटण्याजोगे असतात. प्रत्यक्षात पानं झाकलेली असतात, त्यामुळे चांगल्या खेळाडूलाही त्याहून बरेच कमी सुटतात. फ्रीसेलमध्ये सगळी पानं उघडी असतात आणि हरणं बहुतेक वेळा आपल्याच चालींमुळे होतं. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये १ ते ३२,००० असे क्रमांक दिलेले डाव होते. त्यातला न सुटणारा एकच, क्रमांक ११९८२. तो समोर आला तर खुशाल सोडून द्या.