'ऋण सोड' की 'माफ कर'? प्रार्थनेतल्या एका क्रियापदाविषयी

निपाणीकडून आलेला प्रश्न असा: "आमच्या मराठी उपासनेत प्रभूच्या प्रार्थनेत (येशूने शिष्यांना शिकवलेल्या) 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड' असं म्हणतात. कॅथलिक शेजारी त्याच जागी अपराधांची क्षमा मागतात, कन्नड मंडळीत 'तप्पु' येतं. संडे स्कूलची मुलं विचारतात, देवाकडून आपण कर्ज कधी काढलं? सरळ 'माफ कर' म्हटलं तर काय बिघडतं?"

बिघडतं. कारण या ओळीचा सगळा जीव 'सोड' या क्रियापदात आहे.

आधी 'ऋण' कुठून आलं ते पाहू. ही प्रार्थना बायबलमध्ये मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. मत्तयाच्या ६व्या अध्यायातल्या १२व्या वचनात ग्रीक शब्द आहे 'ओफेइलेमाता', म्हणजे देणी, बाकी. येशूच्या अरामी बोलीत 'होबा' हा एकच शब्द कर्जालाही चाले आणि पापालाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांना त्यात कोडं नव्हतं. लूकने ११व्या अध्यायात पहिल्या अर्ध्यात 'पापे' घेतलं, पण दुसऱ्या अर्ध्यात आपलं देणं लागणारा माणूस तसाच ठेवला. 'अपराध'ही बाहेरून आलेला नाही. मत्तयातच दोन वचनं पुढे, १४ आणि १५मध्ये, तो शब्द येतो. तेव्हा शेजाऱ्यांची प्रार्थना चूक आणि तुमची बरोबर, असा हा वाद नाही. मुलांना एवढंच सांगावं की देवाला आणि माणसाला जे द्यायचं होतं आणि दिलं नाही, ती बाकी म्हणजे हे ऋण.

आता क्रियापद. ग्रीकमध्ये 'आफिएमी' आहे: सोडणं, जाऊ देणं, हातातून मोकळं करणं. मत्तयाच्या ४थ्या अध्यायात पेत्र आणि अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे जातात, तिथे हेच क्रियापद. ८व्या अध्यायात पेत्राच्या सासूचा ताप तिला सोडतो, तिथेही हेच. मराठी 'सोडणे' हे तिन्ही ठिकाणी बसतं. 'क्षमा' संस्कृत 'क्षम्'पासून आली, तिचा मूळ अर्थ सोसणं. म्हणून पृथ्वीलाही 'क्षमा' म्हणतात. 'माफ' अरबीतून आला, त्यात सूट देण्याचा भाव आहे. दोन्ही चांगले शब्द आहेत, रोज वापरावेत. पण सोसणारा मनात हिशोब धरून बसू शकतो, आणि 'माफ' हा शब्द आता इतका हलका झालाय की बसमध्ये धक्का लागला तरी तोच निघतो. जाळं मात्र एकाच वेळी सोडलेलंही आणि धरलेलंही असू शकत नाही.

मत्तयाच्या १८व्या अध्यायातला येशूचा दाखला आकड्यांनिशी वाचला की हे जास्त कळतं. त्यात राजा एका दासाचं प्रचंड ऋण सोडतो, आणि तोच दास बाहेर पडून सोबतीच्या दासाचा थोड्या देण्यासाठी गळा धरतो. पहिल्या दासाचं देणं १०,००० तालांत. १ तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि १ दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. त्याच्या सोबतीच्या दासाचं देणं १०० दिनार, म्हणजे साधारण चार महिन्यांचं काम. लहान रक्कम नव्हे ती, फेडता येण्यासारखी आहे इतकंच. पहिल्या रकमेपुढे ती सहा लाखांतला एक भाग.

दाखल्यात राजा आधी हिशोब घेतो. मगच सोडतो. 'जाऊ दे', 'चालतंय की' म्हणून विषय मिटवणं आणि ऋण सोडणं यांत फरक पडतो तो इथे. रक्कम न सांगता सोडलं तर काय सोडलं हे दोघांनाही कळत नाही, आणि पुढच्या भांडणात तीच बाकी पुन्हा वर येते. दुसरं असं की दासाने मागितली होती मुदत: धीर धरा, सगळं फेडतो. राजाने मुदतवाढ दिली नाही, हप्ते पाडून दिले नाहीत, नुसतं व्याज सोडलं नाही, मुद्दलच सोडलं. आणि ज्याने पुढे दुसऱ्याचा गळा धरला तोही दासच होता, समोरच्याच्या बरोबरीचा. सावकाराच्या जागी बसायचा त्याला हक्कच नव्हता.

आपल्या भागात ऊस आणि सोसायटीचं कर्ज घरोघरी ठाऊक, म्हणून संडे स्कूलमध्ये कर्जमाफीचा दाखला सहज दिला जातो. कन्नड बातम्यांत तिलाच 'साल मन्ना' म्हणतात. (हे 'साल' म्हणजे कर्ज, मराठी वर्ष नव्हे, आणि 'मन्ना'चा बायबलमध्ये इस्राएल लोकांना रानात मिळालेल्या मान्ना या अन्नाशी संबंध जोडू नये.) दाखला अर्धाच जुळतो. उताऱ्यावरचा बोजा उतरतो, तिथपर्यंत ठीक. पण कर्जमाफीत बँकेचे पैसे सरकार भरतं. इथे ज्याचं येणं होतं त्यानेच तोटा अंगावर घेतला. हे सांगितलं नाही तर मुलांना क्षमा फुकटची वाटते.

खरी अडचण मला 'ऋण'पेक्षा 'ऋणी'त दिसते. 'मी आपला ऋणी आहे' म्हणजे आज आभारी आहे. त्यामुळे 'आपल्या ऋण्यांस' ऐकलं की नव्या कानाला आपले आभार मानणारी माणसं आठवतात आणि वाक्य उलटंपालटं होतं. शिकवताना 'ऋण्यांस' म्हणजे 'आपलं देणं लागणाऱ्यांना' एवढं एकदा सांगून पुढे जावं, पाठ बदलू नये.

पाठ म्हणताना आणखी दोन चुका होतात. 'तशी तू आमची ऋणे' यातलं 'तशी' हे 'ऋणे'चं विशेषण आहे, नपुंसकलिंगी अनेकवचन. त्याचं 'तसे' करू नये. दुसरी चूक जास्त वाईट: शेवटी 'वाइटापासून सोडव' येतं, त्याच्या ओढीने मुलं 'ऋणे आम्हांला सोडव' म्हणतात. 'सोडव'ला 'पासून' किंवा 'तून' लागतं, आणि तिथे सुटायचं असतं आपण. 'सोड'मध्ये हातातून सुटते ती बाकी. शिवाय 'सोडले आहे' हे आधीच झालेलं काम आहे. लूकमध्ये ते चालू काळात येतं. मत्तयात मागायला येण्याआधी सोडून यायचं आहे.

कन्नड 'तप्पु' म्हणजे चूक, आणि तिथलं क्रियापद 'क्षमिसु', म्हणजे आपलीच 'क्षमा'. खानापूरकडच्या कोकणी प्रार्थनेत मात्र 'पातकां भोगस' आहे. मराठी कान त्यात 'भोग' ऐकतो आणि पापाची फळं भोगायला लाव असा उलटा अर्थ काढतो. कोकणीत 'भोगस' म्हणजे क्षमा कर. मिश्र उपासनेत शेजारी बसणाऱ्याला हे आधी सांगून ठेवावं.