९८.१ टक्के मॅच आला म्हणून लगेच नवीन प्रजाती म्हणू नको भो

धुळ्याच्या भावाने विचारलंय की अरबी समुद्रातल्या २,८०० मीटर खोलीवरच्या गाळातून त्याच्या मरीन अगर (समुद्री बॅक्टेरिया वाढवायचं माध्यम) प्लेटवर एक फिकट नारिंगी कॉलनी आली, १६एस (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो जीन) वाचून ब्लास्ट मारलं, म्हणजे डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी जुळवून बघितलं, तर ९८.१ टक्के मॅच, मग ही नवीन प्रजाती समजायची का आणि तिला गावाचं नाव देता येईल का.

भो, नावाचं नंतर बघू, आधी तो ९८.१ कशाशी आलाय ते बघ. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये सगळ्यात वर 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम क्लोन' आहे, म्हणजे कोणीतरी कुठल्यातरी गाळातून काढलेला नुसता डीएनए, त्याला ना नाव ना कल्चर, त्याच्याशी तुलना करून काही सिद्ध होत नाही. तुलना टाइप स्ट्रेनशीच करायची, म्हणजे ज्या एका कल्चरवर त्या प्रजातीचं नाव बांधलेलं असतं त्याच्याशी, त्यासाठी ईझीबायोक्लाउड या वेबसाइटवर सिक्वेन्स टाक. आणि तुझा सिक्वेन्स ७२० बेसचाच (डीएनएच्या अक्षरांचाच) आहे, जीन साधारण १,५०० चा असतो. त्याचे काही भाग भराभर बदलतात, काही जवळपास बदलतच नाहीत, त्यामुळे अर्ध्यावर काढलेला टक्का पूर्णावर वरखाली होतोच. २७एफ आणि १४९२आर हे जीनच्या दोन टोकांचे प्रायमर, दोन्हीकडून वाचून घे.

पूर्ण सिक्वेन्सवर ९८.७ च्या खाली आलं तर नवीन असण्याची आशा चांगली. वर आलं तरी नाद सोडू नको, बॅसिलस ग्लोबिस्पोरस आणि बॅसिलस सायक्रोफिलस (ही जुनी नावं, आता दोन्ही स्पोरोसार्सिनात गेल्यात) यांचं १६एस ९९.५ च्या वर जुळतं तरी त्या वेगळ्या प्रजाती निघाल्या. खरा निकाल जीनोमवर, म्हणजे संपूर्ण डीएनएवर लागतो, दोन जीनोम किती जुळतात ते सांगणारे दोन आकडे असतात, त्यातला एएनआय साधारण ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच ७० टक्क्यांच्या खाली पाहिजे.

आता जिथे सगळे घसरतात ते सांगतो. तुलनेसाठी जवळच्या प्रजातीचा फॅटी ॲसिडचा (पेशीच्या आवरणातल्या चरबीचा) तक्ता जुन्या पेपरमधून उचलू नको. आपल्याकडे बसराई आणि जी-नाईन या केळीच्या जातींची उंची तोलायची तर दोन्ही एकाच वावरात, एकाच पाण्यावर लावावी लागते ना, तसंच त्या जवळच्या प्रजातीचा टाइप स्ट्रेन मागवून स्वतःच्या हाताने, त्याच मीडियावर त्याच तापमानाला वाढवायचा. हिवाळ्यात तूप थिजतं पण तेल पातळच राहतं, बॅक्टेरियाही गारठ्यात आपलं आवरण पातळ राहावं म्हणून अनसॅच्युरेटेड फॅटी ॲसिड वाढवतो, मग तुझा १० अंशावर आणि पेपरवाल्यांचा ३० अंशावर वाढवलेला असेल तर दिसणारा फरक तापमानाचाही असू शकतो.

पेपरमध्ये 'खोल समुद्राला सरावलेला' असंही लिहू नको. तिथे साधारण २८० पट दाब असतो आणि तुझी प्लेट बिनदाबाची, म्हणजे तो दाबाशिवायही वाढतो एवढंच आपल्याला कळलंय. 'खोल समुद्रातून मिळाला' एवढं पुरे.

नाव जिथून मिळाला तिथलं दे. टायटॅनिकच्या गंजातून मिळालेल्याला २०१० मध्ये हॅलोमोनास टायटॅनिके म्हटलं, ऐकल्याबरोबर कळतं. गावावर माया असते, मलाही आहे, पण समुद्रातल्या जीवाला आपल्या गावाचं नाव दिलं तर वाचणारा फसेल. आणि नाव टिकायला कल्चर दोन वेगळ्या देशांतल्या दोन कलेक्शनमध्ये (कल्चर जपून ठेवणाऱ्या संस्थांमध्ये) ठेवावं लागतं. आपल्याकडे पुण्याचं एनसीएमआर आणि चंदीगडचं एमटीसीसी आहे. बाहेर पाठवताना जैवविविधता कायद्याचे कागद लागू शकतात, ते आत्ताच विचारून ठेव, पेपर तयार झाल्यावर नाही.

हे सगळं करायच्या आधी कल्चर शुद्ध आहे का ते बघ. एमएस्सीला मी चोपड्याकडच्या उनपदेवच्या गरम झऱ्यावर काम केलं, तीन वेळा स्ट्रीक करून (प्लेटवर रेघा ओढून कॉलनी सुट्या करून) कॉलनी शुद्ध मानली आणि चार महिने टेस्ट करत बसलो. ऑक्सिडेज टेस्ट कधी पॉझिटिव्ह कधी निगेटिव्ह, मला वाटायचं रिएजंट जुनं झालंय. शेवटी क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंगचा शिखरांचा आलेख, प्रत्येक बेसला एक रंग) उघडला तर जागोजागी निळ्या शिखराखाली हिरवं शिखर, दोन जीव एकमेकांना चिकटून वाढत होते. चार महिन्यांचं काम गेलं, अजून चुटपुट लागते.

तुझ्या लॅबने एबी१ फाइल दिलीच असेल, त्यातच हा आलेख असतो, आज रात्री उघड. एखाददुसरं जोडशिखर चालतं, एकाच बॅक्टेरियात १६एसच्या अनेक कॉपी असतात आणि त्यात थोडा फरक असू शकतो. पण ओळीने जोडशिखरं दिसली तर जीनोमला पैसे घालू नको, परत स्ट्रीक कर, आणि ती फाइल इथे टाक, मी बघतो.